'दुखल्यास द्यावी' असं लिहिलेली गोळी मिळत का नाही?

वृद्धनिवासात राहणाऱ्या कुणाचाही औषधांचा तक्ता उघडून बघा. रक्तदाबाची गोळी सकाळी ८ वाजता, मधुमेहाची जेवणाआधी, कोलेस्टेरॉलची रात्री ९ला. प्रत्येकीला वेळ नेमून दिलेली आणि समोर सही. अगदी तळाशी एक ओळ असते: पॅरासिटामॉल ५०० मि.ग्रॅ., दुखल्यास. तिच्यापुढचे रकाने बहुतेक वेळा कोरे असतात. भेटायला आलेला मुलगा तक्ता चाळतो आणि निश्चिंत होतो. गोळी लिहून ठेवलेली आहे, महिनाभरात एकदाही लागली नाही, म्हणजे आईला काही दुखत नसणार.

तसं असेलही. पण कोरा रकाना हा त्याचा पुरावा नव्हे.

'दुखल्यास द्या' या प्रकाराला डॉक्टर एसओएस ऑर्डर म्हणतात. ती प्रत्यक्षात यायची तर बरंच काही ओळीने जुळून यावं लागतं. दुखतंय हे त्या व्यक्तीला नेमकं उमगायला हवं, तिने ते बोलून दाखवायला हवं, ऐकणाऱ्याला ते खरं वाटायला हवं, औषध द्यायचा अधिकार असलेल्या माणसापर्यंत निरोप पोचायला हवा, आणि त्या घडीला औषध कपाटात असायला हवं. रक्तदाबाच्या गोळीला यातली शेवटची अट सोडली तर एकही लागू नाही. ती आठ वाजले म्हणून मिळते.

वृद्धनिवासात राहणाऱ्यांपैकी पुष्कळांना डिमेन्शिया, म्हणजे स्मरणशक्ती आणि समज हळूहळू खालावत नेणारा आजार, असतो. त्यांच्या बाबतीत पहिल्या दोन पायऱ्यांवरच गाडी अडते. मागितल्यावर मिळणारं औषध, ज्याला मागताच येत नाही त्याच्यासाठी, तक्त्यावर असून नसल्यासारखंच.

याची मोजदाद झालेली आहे. १९९८ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णालयातून वृद्ध शुश्रूषा केंद्रांत आलेले, कर्करोग असलेले, ६५ वर्षांवरचे १३,६२५ लोक त्यात होते. ज्यांना रोज वेदना होत असल्याची नोंद होती, त्यांच्यातल्या २६ टक्क्यांना एकही वेदनाशामक मिळत नव्हतं. साधं पॅरासिटामॉलसुद्धा नाही. पंचाऐंशीच्या पुढे वय गेलं की औषध न मिळण्याची शक्यता आणखी वाढत होती. २००० सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात खुब्याचं हाड मोडून रुग्णालयात आलेल्या वृद्धांची तुलना केली गेली. हाड सारखंच मोडलेलं, वेदना सारखीच असणार. तरी बोलता-सांगता येणाऱ्यांना जेवढं मॉर्फिनच्या जातीचं, तीव्र वेदनेवरचं औषध मिळालं, त्याच्या एक तृतीयांशच तीव्र डिमेन्शिया असलेल्यांना मिळालं, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना ठरल्या वेळी द्यायचं वेदनाशामक लिहिलेलंच नव्हतं. सगळी भिस्त 'दुखल्यास'वर.

म्हातारपणी दुखणं कमी जाणवतं का?

'त्यांना आता काही कळत नाही' असं डिमेन्शिया झालेल्यांबद्दल सर्रास बोललं जातं, आणि त्याला चिकटूनच 'त्यांना फारसं दुखतही नसेल' हा समज येतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००६ साली हे तपासलं. अल्झायमर (डिमेन्शियाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) झालेल्या आणि न झालेल्या वृद्धांच्या अंगठ्याच्या नखावर दाब देऊन त्यांनी मेंदूचं चित्रण केलं. अल्झायमर झालेल्यांच्या मेंदूतली वेदनेची हालचाल कमी झालेली नव्हती, काही भागांत तर ती जास्त जोराची आणि जास्त वेळ टिकणारी दिसली. म्हणजे वेदना पोचते, ती समजून घेऊन शब्दांत मांडण्याची यंत्रणा तेवढी बिघडते. शिवाय 'हे आत्तापुरतं आहे, थोड्या वेळाने थांबेल' हा दिलासा स्वतःला देण्याची ताकदही गेलेली असते, आणि मला वाटतं, या आजारातली सर्वांत क्रूर गोष्ट तीच आहे.

वेदनेवर काम करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली केलेली वेदनेची व्याख्या २०२० साली सुधारली. त्यासोबतच्या टिपांमध्ये स्पष्ट म्हटलं आहे की, बोलून सांगणं हा वेदना व्यक्त करण्याचा अनेकांपैकी एक मार्ग आहे आणि एखाद्याला सांगता येत नाही म्हणून त्याला वेदना नाही असं होत नाही.

ज्यांची बुद्धी शाबूत आहे तेही बोलत नाहीत, हा आणखी एक भाग. 'वय झालं, चालायचंच.' 'त्या पोरीला आधीच केवढी कामं, तिला कशाला हाका मारायच्या.' सांगितलं तर रुग्णालयात नेतील, तपासण्या करतील, आणखी एक गोळी वाढेल, ही धास्ती असतेच. मग प्रश्न विचारला जातो तोही दारातून, चालता चालता: 'काय आजोबा, बरं आहे ना?' याला 'हो' याखेरीज उत्तर नसतं. त्यापेक्षा जवळ बसून, 'आत्ता कुठे ठणकतंय का, अवघडलंय का, चमक येते का, आग होते का' असं विचारलं तर 'दुखत नाही' म्हणणारे आजोबाही सांगतात की गुडघा रात्रभर ठणकत होता. उत्तरातून कामाची माहितीही मिळते. आग, मुंग्या, विजेसारखी चमक या तक्रारी नसांच्या दुखण्याकडे बोट दाखवतात आणि त्यावरची औषधं वेगळी असतात. प्रश्न 'आत्ता'चा असावा. 'गेल्या आठवड्यात किती दुखलं' हे आठवून सांगणं स्मरणशक्ती कमी झालेल्याला जमत नाही, 'आत्ता दुखतंय का' याचं उत्तर मात्र मध्यम डिमेन्शिया असलेले बरेच जण देऊ शकतात.

पावणेदहा ते बारा

उशीर कसा होतो हे एका रात्रीपुरतं, मिनिटांच्या हिशेबाने पाहू. प्रसंग कल्पित आहे, पण यातला प्रत्येक टप्पा या क्षेत्रात काम करणाऱ्यांच्या रोजच्या ओळखीचा आहे.

ब्याऐंशी वर्षांच्या आजी. खुब्याचं ऑपरेशन होऊन शुक्रवारी संध्याकाळी वृद्धनिवासात परतल्या. रुग्णालयात त्यांना मॉर्फिनच्या जातीचं औषध चालू होतं, शेवटचा डोस दुपारी २ वाजता.

रात्री पावणेदहाला मदतनीस मुलगी त्यांची कूस बदलायला येते. 'अगं हळू, जीव जातोय माझा.' ती उशी नीट करते, पाय सावकाश ठेवते. औषध द्यायचा तिला अधिकार नाही. सिस्टर वरच्या मजल्यावर रात्रीची औषधं वाटत आहेत आणि त्या वेळी त्यांना मध्येच थांबवायचं नाही असा नियम आहे. नियम योग्यच आहे, मध्ये व्यत्यय आला की औषधांच्या अदलाबदली होतात. सव्वादहाला सिस्टरना निरोप मिळतो. साडेदहाला त्या फाइल उघडतात. डिस्चार्ज कार्डावर 'वेदनाशामक पूर्वीप्रमाणे चालू ठेवावे' एवढंच लिहिलेलं. कोणतं, किती, किती तासांनी, काही नाही. त्या डॉक्टरांना फोन लावतात. अकराला पाच मिनिटं कमी असताना डॉक्टरांचा उलट फोन येतो. मॉर्फिनसारखी औषधं कायद्याने नियंत्रित असतात, बहुतेक ठिकाणी ती नुसत्या फोनवरच्या सांगण्यावर देता येत नाहीत, सही असलेली चिठ्ठी लागते. चिठ्ठी मिळाली तरी औषध आणणार कुठून, या वेळी? 'तोवर पॅरासिटामॉल द्या, सकाळी बघतो.' अकरा वाजून दहा मिनिटांनी गोळी आजींच्या पोटात जाते. तिला काम सुरू करायला अर्धा ते एक तास. म्हणजे बारा. आणि ताज्या ऑपरेशनच्या दुखण्याला एकट्या पॅरासिटामॉलचं बळ पुरेल याची खात्री नाहीच.

यात कुणी हलगर्जीपणा केला? मुलीने निरोप दिला, सिस्टरने फाइल पाहिली, डॉक्टरांनी फोन केला. प्रत्येकाने आपलं काम केलं आणि तरी आजी दोन-सव्वादोन तास तळमळत राहिल्या. चूक रात्री झालेलीच नाही. ती संध्याकाळी रुग्णवाहिका निघाली तेव्हा झाली. निघण्यापूर्वी औषधाचं नाव, मात्रा आणि वेळ स्वच्छ लिहिलेली चिठ्ठी, सोमवारपर्यंत पुरेल एवढं औषध आणि 'शेवटचा डोस इतक्या वाजता दिला' ही नोंद सोबत आली असती, तर रात्रीची ही सगळी धावपळ उद्भवलीच नसती. म्हणूनच माझ्या मते, वेदनाशमनातला बराचसा उशीर दुखू लागल्यानंतर होत नाही, त्याची तजवीज आधीच होऊन बसलेली असते.

दोन तासांनी असं काय बिघडतं, असं वाटू शकतं. वेदना थोपवली नाही की ती आहे तेवढीच राहत नाही. पाठीच्या कण्यातल्या चेतापेशींवर सतत संदेश आदळत राहिले की त्या अधिकाधिक तयारीत येतात आणि थोड्याशा स्पर्शालाही मोठं उत्तर देऊ लागतात. मग तीच वेदना आटोक्यात आणायला जास्त औषध लागतं. आणि वृद्ध शरीरात परिणाम तिथेच थांबत नाहीत. दुखतं म्हणून खोल श्वास घेतला जात नाही, खोकला दाबला जातो, कफ साचतो, न्यूमोनियाला वाट मिळते. दुखतं म्हणून चालणं टळतं, आणि या वयात काही दिवस बिछान्यात काढले की पायांतली गेलेली ताकद परत मिळवायला कित्येक आठवडे लागतात. झोप नाही, भूक नाही. खुब्याच्या रुग्णांवरच २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की ज्यांना मॉर्फिनसारखं औषध फारच कमी मिळालं त्यांच्यात डेलिरियम, म्हणजे अचानक येणारी भ्रमिष्टावस्था, जास्त प्रमाणात आढळली. मॉर्फिनने आजी भ्रमिष्ट होतील या भीतीने हात आखडता घेतला जातो, तिथे हे उलटं चित्र.

घड्याळाकडे बघून

यावरचा उपाय नवा नाही. ब्रिटिश डॉक्टर सिसली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची अखेरपर्यंत शुश्रूषा करणारं केंद्र, सुरू केलं. आधीचा डोस उतरून वेदना परत डोकं वर काढायच्या आत पुढचा डोस द्यायचा, ही रीत त्यांनी रुजवली. रुग्णाने विव्हळून मागायची वेळच येऊ द्यायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी आपली प्रसिद्ध शिडी, म्हणजे सौम्य औषधापासून तीव्र औषधापर्यंत पायरीपायरीने जाण्याची रीत, मांडली, तेव्हा 'शक्यतो तोंडाने' आणि 'घड्याळाप्रमाणे' ही तत्त्वं तिच्यासोबत होती. २०१८ सालच्या सुधारित मार्गदर्शनात शिडी परिशिष्टात गेली, घड्याळ मात्र मूळ जागी राहिलं.

रोज असणाऱ्या दुखण्याला रोजच्या ठरल्या वेळी औषध, आणि मध्येच उसळी मारणाऱ्या दुखण्यासाठी वेगळा, जादा डोस आधीच लिहून ठेवलेला. एसओएस ऑर्डरची जागा ही दुसरी आहे. ती पहिल्याच्या बदली वापरली जाते तिथे घोळ होतो.

कोणतं औषध किती वेळात काम करतं हे घरच्यांनाही माहीत असलेलं बरं. पॅरासिटामॉलची गोळी अर्ध्या ते एका तासात लागू पडते आणि चार ते सहा तास टिकते. तोंडाने घेतलेलं साधं मॉर्फिन साधारण अर्ध्या तासात परिणाम दाखवू लागतं, तासाभरात जोरावर येतं आणि चारेक तासांत ओसरतं. फेंटॅनिल या मॉर्फिनच्याच जातीच्या औषधाचा पॅच मात्र अगदी वेगळा. तो कातडीवर चिकटवल्यावर औषध रक्तात पुरेसं साठायला १२ ते २४ तास जातात, आणि काढल्यावरही तेवढाच काळ अंमल रेंगाळतो. म्हणून 'आज फार दुखतंय, पॅच लावू' याला अर्थ नाही. तो दर ७२ तासांनी बदलायचा असतो, ज्याने आधी मॉर्फिनसारखं औषध घेतलेलंच नाही त्याला लावायचा नसतो, आणि त्याच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली तर औषध भसकन रक्तात उतरून श्वास मंदावू शकतो. पॅचवर लावल्याची तारीख आणि वेळ लिहावी. जुना काढल्याशिवाय नवा लावला जाण्याचे प्रकार होतात, जुना पाठीवर असतो आणि कुणी पाहत नाही.

गिळायला त्रास होतो म्हणून गोळ्या कुटून खिमटीत कालवणं हे अनेक ठिकाणी चालतं. दीर्घकाळ टिकणाऱ्या मॉर्फिनच्या गोळीच्या बाबतीत ते जिवावर बेतू शकतं. बारा तासांत हळूहळू सुटायचा साठा एकदम सुटतो. अशा वेळी पातळ औषध मागून घ्यावं.

वेळेचा आणखी एक साधा उपयोग आहे आणि तो सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. शय्याव्रणाचं (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेचं) ड्रेसिंग, आंघोळ, फिजिओथेरपी ही दुखवणारी कामं तक्त्यावर ठरलेल्या वेळी होतात. ड्रेसिंग १० वाजता आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तर गोळी ९ वाजता का देऊ नये? दहाला पट्टी ओढली, आजी ओरडल्या, मग सव्वादहाला गोळी दिली, असं होतं. ती गोळी लागू पडेपर्यंत आजींचं दुखणं आपणहून थोडं उतरलेलं असतं आणि नोंदवहीत 'औषधाने आराम पडला' अशी ओळ पडते.

बोलता येत नसेल तर चेहरा वाचायचा

तीव्र डिमेन्शिया असलेल्यांसाठी निरीक्षणावर आधारलेल्या मोजपट्ट्या आहेत. २००३ सालची पेनॅड ही त्यातली सर्वांत सुटसुटीत. पाच गोष्टी पाहायच्या: श्वास, तोंडातून येणारे आवाज, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजूत घातल्यावर शांत होतात का. प्रत्येकीला शून्य ते दोन गुण, एकूण दहापैकी. उदाहरणार्थ, चेहरा हसरा किंवा निर्विकार असेल तर शून्य, उदास, घाबरलेला किंवा कपाळाला आठ्या असतील तर एक, वेदनेने वेडावाकडा झाला असेल तर दोन. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यासाठी डॉक्टर लागत नाही.

फक्त ते केव्हा करायचं याला महत्त्व आहे. खुर्चीत निवांत बसलेल्या आजोबांकडे बघून शून्य गुण लिहिणं म्हणजे फसवणूक, नकळत का होईना. त्यांना उठवताना, कूस बदलताना, सदऱ्यात हात घालताना पाहा. पक्षाघातानंतर आखडलेला खांदा, मणक्याचा दबलेला भाग, गुडघे, हे सगळं हालचालीत बोलतं. आणि एका वेळच्या गुणांपेक्षा त्या माणसाचं नेहमीचं वागणं आणि आजचं वागणं यातला फरक जास्त सांगून जातो. रोज गाणं गुणगुणणाऱ्या आजी आज गप्प आहेत, जेवताना एका बाजूनेच चावतात, आंघोळीला नेणाऱ्या मुलीचा हात झटकतात. गप्प होणं हेही लक्षण आहे, आणि ते ओरडण्यापेक्षा सहज नजरेआड होतं, कारण त्याचा कुणाला त्रास होत नाही.

ओरडणं, मारणं, रात्री फिरणं यांचा मात्र इतरांना त्रास होतो, म्हणून त्यावर उपाय लगेच होतो, आणि बरेचदा तो चुकीचा असतो. 'आजोबा फार आक्रमक झालेत' अशी तक्रार जाते आणि मनोविकारावरचं, शांत करणारं औषध सुरू होतं. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००५ सालीच दिलेला आहे. त्याहून वाईट म्हणजे दुखणं तसंच राहतं, फक्त ते दाखवण्याची ताकद काढून घेतली जाते.

नॉर्वेत यावर एक सुंदर प्रयोग झाला, २०११ साली तो प्रसिद्ध झाला. १८ वृद्ध शुश्रूषा केंद्रांतले, मध्यम ते तीव्र डिमेन्शिया असलेले आणि अस्वस्थ, चिडचिडे झालेले ३५२ लोक. त्यांच्यातल्या निम्म्या गटांना नेहमीचे उपचार, उरलेल्यांना आठ आठवडे पायरीपायरीने वेदनाशामकं, तीही ठरल्या वेळी. बहुतेकांना पहिल्या पायरीवरचं पॅरासिटामॉलच पुरलं, दिवसाला ३ ग्रॅमपर्यंत. आठ आठवड्यांनी वेदनाशामकं मिळालेल्यांचा अस्वस्थपणा सरासरी १७ टक्क्यांनी कमी झाला. म्हणून वागणं अचानक बदललं आणि कारण सापडत नसेल, तर आधी दात, कवळी, बद्धकोष्ठता, तुंबलेली लघवी, व्रण, बूट हे सगळं तपासावं, आणि तरी उलगडा झाला नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्याने काही दिवस ठरल्या वेळी पॅरासिटामॉल देऊन फरक पडतो का ते बघावं. शांत करणारी गोळी त्यानंतर.

औषधांची भीती, खरी आणि खोटी

पॅरासिटामॉल हे या वयात पहिलं औषध. धडधाकट प्रौढाला दिवसाला ४ ग्रॅमची कमाल मर्यादा सांगितली जाते, पण कृश, ५० किलोंच्या आतल्या किंवा यकृताचा त्रास असलेल्या वृद्धांना डॉक्टर त्याहून कमी ठेवतात. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या जोडगोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतं, ते मोजायचं राहून जातं.

खरी भीती बाळगावी ती आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या सहज मिळणाऱ्या गोळ्यांची. जठरातून रक्तस्राव, मूत्रपिंडावर ताण, पायांवर सूज, हृदयाचं बळ कमी असलेल्यांना धाप. रक्तदाबाची काही विशिष्ट औषधं आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना ही तिसरी आली की मूत्रपिंड अचानक बंद पडू शकतं. एकाच गुडघ्याचं दुखणं असेल तर त्याच औषधाचं मलम लावणं कितीतरी सुरक्षित.

मॉर्फिनच्या बाबतीत उलट. सवय लागेल या भीतीने ते नाकारलं जातं. पण वेदनेसाठी, देखरेखीखाली, योग्य मात्रेत घेणाऱ्या नव्वदीच्या माणसाला व्यसन लागणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. (कपाटातून औषध चोरीला जाण्याचा धोका मात्र खरा आहे. कुलूप आणि दुहेरी सही त्यासाठीच असते.) सुरुवात कमी मात्रेने, वाढ सावकाश, हे तत्त्व बरोबर आहे. गडबड अशी होते की सुरुवात कमी होते आणि वाढ होतच नाही. बद्धकोष्ठता जवळपास प्रत्येकाला होते आणि ती मळमळीसारखी काही दिवसांनी ओसरत नाही, म्हणून पोट साफ करणारं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं. मूत्रपिंड अधू असेल तर मॉर्फिनचे अंश शरीरात साचतात, तेव्हा डॉक्टर वेगळं औषध किंवा लांबचं अंतर ठेवतात. हाक मारून जाग येत नाही, श्वास फार संथ चालला आहे, बुबुळांमधला काळा ठिपका टाचणीएवढा झाला आहे, अशी चिन्हं दिसली तर थांबायचं नाही, तातडीची मदत बोलवायची.

आणि औषध दिलं की काम संपत नाही. तोंडाने दिलेल्या गोळीनंतर तासाभरात परत जाऊन बघायचं, किती उतरलं ते लिहायचं. वेदनेच्या नोंदींमध्ये सगळ्यात जास्त वेळा कोरी राहणारी जागा हीच. परत बघितलंच नाही तर डोस पुरतोय की नाही हे डॉक्टरला कळणार कसं?

भेटायला गेल्यावर काय विचारायचं

'काळजी घेता ना?' असं विचारून काही हाती लागत नाही. नेमकं विचारावं. आईला ठरल्या वेळेचं वेदनाशामक आहे की फक्त 'दुखल्यास'? रात्री औषध देऊ शकणारं कुणी इमारतीत असतं का, की फोन करून बोलवावं लागतं? सुट्टीच्या दिवसांचा साठा कोण बघतं? गेल्या आठवड्यात वेदनेची नोंद किती वेळा झाली, दाखवता का? प्रश्न तक्रारीच्या सुरात नको. नोंद दाखवायला काचकूच झाली तर त्यातूनही उत्तर मिळतंच.

तुमच्याकडेही अशी माहिती असते जी कुठल्याच फाइलमध्ये नसते. दुखलं की बाबा चिडतात की गप्प होतात, आईला पूर्वी कोणती गोळी सोसली नव्हती, कोणत्या कुशीवर झोपायची सवय आहे. हे एका कागदावर लिहून फाइलला लावायला सांगा, कारण पाळ्या बदलतात आणि तोंडी सांगितलेलं पुढच्या पाळीपर्यंत पोचत नाही.

शेवटच्या दिवसांबद्दल एक गोष्ट आधीच बोलून ठेवावी लागते, ते बोलणं कितीही जड गेलं तरी. अखेरच्या काही दिवसांत गिळणं बंद होतं, म्हणजे नियमित चालू असलेली तोंडावाटेची वेदनाशामकं एका दिवसात थांबतात, आणि दुखणं तर थांबलेलं नसतं. त्वचेखाली बारीक सुईने देता येणारी औषधं तेव्हा लागतात: वेदनेसाठी, धाप लागल्यास, घशातल्या घरघरीसाठी, अस्वस्थपणासाठी. अनेक देशांत हा संच आधीच लिहून, सही करून, त्या व्यक्तीच्या नावाने कपाटात ठेवण्याची पद्धत आहे. तुमच्या माणसासाठी तो केव्हा आणून ठेवायचा हे डॉक्टरांना गिळणं चालू असतानाच विचारा, आणि रात्री दोन वाजता ती सुई नेमकं कोण देणार, त्या व्यक्तीचं नाव आणि फोन नंबर फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.